होमस्कूलिंग: सहावी ते बारावीसाठी अभ्यासक्रम कसा निवडावा

मुलं लहान असतात तोवर होमस्कूलिंगमध्ये अभ्यासक्रमाचं फारसं ओझं नसतं. चांगली पुस्तकं, थोडं गणित, भरपूर गप्पा आणि खेळ यांवर वर्षं छान जातात. सहावी-सातवीच्या वयात चित्र बदलतं. मुलीचं गणित चुकलेलं दिसतं, पण नेमकं कुठे चुकलं ते चटकन सापडत नाही. मुलाने दोन पानांचा निबंध लिहून आणलेला असतो आणि ‘छान झालाय’ यापलीकडे काय सांगावं ते सुचत नाही. बहुतेक पालक अभ्यासक्रमाच्या शोधाला लागतात ते याच सुमारास.

मग हाती येतात याद्या. कुठला संच चांगला, कुठल्या पुस्तकात जास्त धडे, कुणाचे व्हिडिओ आकर्षक. या वयात अभ्यासक्रम निवडताना माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: मुलाने केलेलं काम कोण तपासणार? शिकवणारं साहित्य आज मुबलक आहे, त्यातलं बरंचसं मोफतही आहे. तपासणारं माणूस दुर्मीळ आहे. प्रत्येक विषयापुढे तपासणाऱ्याचं नाव लिहिता आलं, तर निम्मी निवड झाली असं समजा. तुम्ही स्वतः असाल तर स्वतःचं नाव लिहा. जिथे जागा रिकामी राहील तिथे पैसे आणि वेळ खर्च करा.

आधी बाहेर पडायचं दार ठरवा

बारावीच्या टप्प्यावर मुलाच्या हातात काय असायला हवं, हे नववीच्या आधी ढोबळपणे तरी ठरलेलं बरं. काही देशांत पालकांनी दिलेली विषयवार गुणपत्रिका विद्यापीठं विचारात घेतात. काही ठिकाणी मान्यताप्राप्त मंडळाची परीक्षा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कायदेही सारखे नाहीत. कुठे साधी नोंदणी पुरते, कुठे दरवर्षी मूल्यमापन होतं, तर जर्मनीत मुलांना शाळेत पाठवणंच सक्तीचं आहे. तुम्ही राहता तिथला नियम स्वतः, मूळ कागदावर वाचा.

परीक्षेचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाच्या अटी निवडीवर परिणाम करतात. भारतातल्या एनआयओएस या मुक्त विद्यालयी मंडळात विद्यार्थी पाच विषय निवडतो, त्यांत किमान एक भाषा असते. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या परीक्षेला खासगी परीक्षार्थी म्हणून बसता येतं, पण त्यासाठी असं परीक्षा केंद्र शोधावं लागतं जे बाहेरच्या विद्यार्थ्याला घेईल. तिथे विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपरचा पर्याय आहे. पुढे ए लेव्हलला, म्हणजे बारावीच्या पातळीला, भौतिक, रसायन किंवा जीवशास्त्र घेतलं की प्रयोगशाळेत बसून द्यायचा पेपर येतो, आणि घरी अभ्यास करणाऱ्या मुलांची अडचण नेमकी तिथे होते. अमेरिकेतल्या एपी या महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षा दर मे महिन्यात होतात, गुण १ ते ५ या श्रेणीत मिळतात, आणि होमस्कूलिंग करणाऱ्या मुलाला परीक्षेला बसवून घेणारी शाळा आधीच गाठावी लागते.

हे सगळं सहावीतच पक्कं करायची गरज नाही. पण नववीची पुस्तकं घेण्याआधी ज्या परीक्षेचा विचार आहे तिचा अधिकृत अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका छापून समोर ठेवा. मंडळं अभ्यासक्रम ठरावीक काळाने बदलतात. पुस्तकाची आवृत्ती आणि परीक्षेचं वर्ष जुळतं का, हे विकत घेण्याआधी पाहायचं.

‘मान्यताप्राप्त अभ्यासक्रम’ असं लिहिलेलं दिसलं तर थांबा आणि विचारा: मान्यता कुणाला, कुणाची? मान्यता साधारणपणे शाळेला किंवा संस्थेला मिळते. पुस्तकाच्या संचावर ती छापली म्हणून तुमच्या मुलाला प्रमाणपत्र मिळत नाही.

मूल आज कुठे आहे ते पाहा

वय तेरा म्हणून सगळ्या विषयांत आठवी, हा हिशेब घरी शिकताना सोडून देता येतो. वाचनात दहावीच्या पुढे असलेलं मूल गणितात सहावीच्या मध्यावर असू शकतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गणिताच्या बहुतेक चांगल्या मालिकांची स्थाननिश्चितीची चाचणी, म्हणजे कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करावी ते सांगणारी, मोफत मिळते. ती जरूर घ्या. मूल चाचणी सोडवत असताना शेजारी बसा, पण बोलू नका.

बीजगणिताला सुरुवात करण्याआधी मी तीन गणितं हमखास देते. पहिलं: तीन चतुर्थांशाला दोन तृतीयांशाने भागा. दुसरं: ५ − ३(२ − ६) किती? तिसरं: एका वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढली, मग २० टक्क्यांनी उतरली, आता ती मूळ किमतीएवढी आहे का? दुसऱ्याचं उत्तर १७. ज्याने उणे ८ लिहिलं त्याने ५ मधून ३ आधी वजा केले, म्हणजे क्रियांचा क्रम अजून कच्चा आहे. तिसऱ्यात किंमत मूळच्या ९६ टक्के उरते. इथे ‘हो, तेवढीच’ असं उत्तर आलं तर टक्केवारी कशाची काढायची हे समजलेलं नाही. अशा मुलाला बीजगणिताचं पुस्तक दिलं तर ते काही महिने नियम पाठ करून चालेल आणि मग अडकेल. त्याऐवजी अपूर्णांक, ऋण संख्या आणि प्रमाण यांवर शांतपणे तीन-चार महिने घालवणं फार शहाणपणाचं. ते महिने पुढे वसूल होतात.

शाळा नुकतीच सोडली असेल तर लगेच पूर्ण वेळापत्रक लावू नका. शाळेत घालवलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना मोकळीक, असा ढोबळ हिशेब होमस्कूलिंग करणारे पालक एकमेकांना सांगतात. आकडा काटेकोर घ्यायला नको. मूल पुन्हा आपणहून प्रश्न विचारू लागलं की सुरुवात करायची वेळ झाली. त्या काळात गणिताचा थोडा सराव आणि रोजचं वाचन मात्र चालू राहू दे.

विषयांचे दोन गट करा

काही विषय एकावर एक रचले जातात. गणित, परकीय भाषा, भौतिक, रसायन आणि लेखन हे त्यातले. यांत मागचं निसटलं की पुढचं उभं राहत नाही, म्हणून इथे एकच मालिका किंवा एकच क्रम धरून चालायचं. इतिहास, भूगोल, साहित्य, कला यांत तसं नाही. मध्ययुग आधी आणि प्राचीन काळ नंतर वाचला तरी काही बिघडत नाही. भावंडं एकत्र शिकू शकतात, आवडीचा विषय वर्षभर लांबवता येतो.

नवख्या पालकांची ताकद नेमकी उलट ठिकाणी खर्च होताना मी पाहते. इतिहासाचा देखणा संच निवडायला महिना जातो आणि गणित ‘जे मिळेल ते’ म्हणून येतं. खरं तर विचार पहिल्या गटाला द्यावा. दुसऱ्या गटाला चांगलं वाचनालय आणि आठवड्यातून एकदा मनापासून चर्चा पुरते.

‘सगळे विषय एकाच खोक्यात’ असा तयार संच मोह घालतो, कारण निर्णय एकदाच घ्यावा लागतो. पण त्यात सगळ्या विषयांची इयत्ता एकच असते, आणि आत्ताच म्हटल्याप्रमाणे मुलं तशी नसतात. पालक दोघंही पूर्ण वेळ कामावर असतील तर पहिल्या वर्षी संच घेणं समजण्यासारखं आहे. तेव्हाही गणित त्याच्या बाहेर ठेवता येतं का ते विचारा.

गणित: पद्धत ओळखा, मग मालिका घ्या

गणिताच्या पुस्तकांत दोन ढंग दिसतात. एकात एक संकल्पना पूर्ण पक्की करून मगच पुढे जातात. दुसऱ्यात प्रत्येक संकल्पना थोडी थोडी येते आणि सरावात जुनं सतत मिसळलेलं असतं. सॅक्सन या अमेरिकी मालिकेची पुस्तकं दुसऱ्या ढंगाची आहेत: धडे छोटे, रोजच्या सरावात मागच्या अनेक धड्यांची गणितं. विसराळू किंवा लवकर घाबरणाऱ्या मुलाला हे मानवतं. चटकन समजणाऱ्या मुलाला त्याचा कंटाळा येतो. सिंगापूर पद्धतीत वस्तूंपासून चित्राकडे आणि चित्रापासून चिन्हांकडे जातात, पट्ट्यांची आकृती काढून शाब्दिक गणितं सोडवतात. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगच्या पुस्तकांत प्रश्न आधी येतो आणि स्पष्टीकरण नंतर. तिथे मूल एकाच गणितावर अर्धा तास अडकणं अपेक्षितच आहे. ज्याला ते अडकणं आवडतं त्याच्यासाठी ती मेजवानी आहे, पण आत्मविश्वास डळमळीत असलेल्या मुलाला तिथून सुरुवात करून देऊ नये.

मालिका कुठलीही घ्या, तिच्याबरोबर संपूर्ण सोडवलेल्या उत्तरांचं पुस्तक असलंच पाहिजे. नुसती उत्तरसूची पुरत नाही. उत्तर चुकलंय हे कळून उपयोग नाही, कुठल्या ओळीवर चुकलं ते कळायला हवं, आणि नववीनंतर ते स्वतः शोधण्याइतका वेळ बहुतेक पालकांकडे नसतो. संगणकावर सोडवायचा अभ्यासक्रम असेल तर तो बहुधा फक्त शेवटचं उत्तर तपासतो, हे लक्षात ठेवा. मूल वहीत पायऱ्या लिहितंय ना, हे पाहणारं कुणीतरी लागतंच. खान अकॅडमी हे धड्यांचं आणि सरावाचं संकेतस्थळ मोफत आहे, सरावासाठी आणि राहिलेल्या फटी भरण्यासाठी उत्तम आहे. मुख्य पुस्तकाच्या जागी वापरत असाल तर वही अनिवार्य करा.

मालिका मध्येच बदलताना फार जपा. प्रत्येक मालिकेचा क्रम वेगळा असतो. एकीने जे सातवीत शिकवलं ते दुसरी आठवीत शिकवते, आणि उडी मारताना एखादा विषय दोन्हीकडून सुटतो. बदल करावाच लागला तर नव्या मालिकेची चाचणी पुन्हा घ्या, मागची इयत्ता विसरून.

लेखन: इथे माणूसच लागतं

माझ्या मते सहावी ते बारावीतला सर्वांत अवघड विषय हाच, आणि याच्यावरच सर्वांत कमी विचार होतो. व्याकरणाच्या कार्यपुस्तिका भरून लेखन येत नाही. लिहिलेलं कुणीतरी वाचायला हवं, ‘इथे तुझा मुद्दा मला कळला नाही’ असं सांगायला हवं, आणि मुलाने ते पुन्हा लिहायला हवं. लेखन सुधारतं ते दुसऱ्या खर्ड्यात.

सुरुवात बोलण्यापासून करा. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायची रीत शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षिकेने रूढ केली, आणि ती आजही होमस्कूलिंगमध्ये सर्वत्र वापरली जाते. सहावीतलं मूल धडा वाचून तोंडी सांगू दे. ते जमलं की तेच एका परिच्छेदात लिहू दे. आठवीपर्यंत परिच्छेद नीट बांधता आला पाहिजे: एक मुद्दा, त्याला आधार, आणि आधार मुद्द्याला कसा धरून आहे याचं एखादं वाक्य. नववीनंतर मतप्रदर्शन, तुलना, आणि संदर्भ घेऊन लिहिलेला दीर्घ निबंध.

लेखनाचा अभ्यासक्रम पाहताना धड्यांची संख्या मोजत बसू नका. तपासणीचे निकष मुलाला आधी दिले आहेत का? प्रत्येक लेखनाचा दुसरा खर्डा मागितला आहे का? नमुन्याचे निबंध दिले आहेत का, चांगले आणि कच्चे दोन्ही? एवढं पाहा. पालकच तपासणार असतील तर एका वेळी दोनच गोष्टींवर बोला. लाल शाईने भरलेलं पान परत मिळालेलं मूल पुढच्या वेळी कमी लिहितं.

आणि शक्य असेल तर घराबाहेरचा वाचक शोधा. निवृत्त शिक्षिका, वाचनाची आवड असलेले काका, दुसऱ्या होमस्कूलिंग कुटुंबातली आई, जिच्या मुलाचं गणित त्या बदल्यात तुम्ही तपासाल. किशोरवयीन मूल आईवडिलांची टीका आणि आईवडिलांचं रागावणं यांत फरक करू शकत नाही. तेच वाक्य दुसऱ्याने सांगितलं की ते ऐकतं.

विज्ञान

सहावी ते आठवीत प्रयोगवही ठेवायची सवय लागली तर पुस्तक कुठलंही चालेल. काय करणार, काय होईल असं वाटतं, काय झालं, मोजमाप किती, फरक का पडला, एवढं मुलाने स्वतः लिहावं. साधा लंबक घ्या. १ मीटर लांबीच्या लंबकाच्या एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे २ सेकंद लागतात. लांबी २५ सेंटिमीटर केली की वेळ निम्मा होतो, चौथा हिस्सा होत नाही. एकच हेलकावा मोजला तर चूक मोठी येते, म्हणून दहा मोजून भागायचं. हे मुलाला वहीत आकडे भरताना उमगतं, आणि वर्गमूळ पुढे सूत्रात भेटतं तेव्हा ओळखीचं वाटतं.

कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट हे आभासी प्रयोग मोफत आहेत आणि विद्युत मंडलं, अणू, तरंग समजायला फार उपयोगी आहेत. पण त्यांत हात थरथरत नाही, घड्याळ उशिरा दाबलं जात नाही. मोजमापातली चूक शिकायला खरी वस्तूच हवी. अकरावी-बारावीला विज्ञान घ्यायचं असेल तर खरी प्रयोगशाळा कुठे मिळेल याचा शोध दहावीतच सुरू करा. सीके-१२ आणि ओपनस्टॅक्स यांची पाठ्यपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. ओपनस्टॅक्सची बहुतेक पुस्तकं महाविद्यालयाच्या पातळीची असल्याने बारावीच्या आसपासच्या मुलाला ती चालतात, त्याआधी जड जातात.

बाकीचे विषय

परकीय भाषेसाठी ॲपवर अवलंबून राहू नका. शब्द येतात, बोलणं येत नाही. आठवड्यातून दोनदा त्या भाषेत बोलणारं माणूस आणि वाचायला सोपी पुस्तकं, हे आधी. युरोपीय भाषांसाठी ए१ ते सी२ या सहा पायऱ्या आणि जपानीसाठी एन५ ते एन१ या परीक्षा असल्याने तपासणाऱ्याचा प्रश्न आपोआप सुटतो.

संगणक: लहानांना स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा, मग पायथन ही लिहून प्रोग्राम करायची. हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे आणि मेहनती दहावी-अकरावीच्या मुलाला पेलतो. इतिहास आणि साहित्य: वाचनयादी, नकाशा, कालरेषा, महिन्याला एक लेख.

एक विषय पूर्णपणे मुलावर सोडा. खगोलशास्त्र, शिवणकाम, बुद्धिबळाचा इतिहास, काहीही. साहित्य त्याने शोधायचं, वर्षाचा आराखडा त्याने करायचा. स्वतःचं शिक्षण स्वतः आखायचा सराव या वयात मिळावा, म्हणून तर आपण हा मार्ग धरला.

ऑनलाइन वर्ग घेताना

ज्या विषयापुढे तपासणाऱ्याची जागा रिकामी राहिली तिथे वर्ग लावा, सगळीकडे नको. रेकॉर्ड केलेले धडे स्वस्त असतात, पण ते तपासत नाहीत. थेट वर्गात प्रवेश घेण्याआधी विचारा: एका शिक्षकामागे किती मुलं? गृहपाठ परत येतो तेव्हा त्यावर काय लिहिलेलं असतं? तपासलेल्या गृहपाठाचा एखादा नमुना, नाव झाकून, दाखवाल का? जी संस्था हा नमुना आनंदाने दाखवते ती बहुधा चांगली असते. पैसे परत मिळण्याची मुदत लेखी घ्या.

तास आणि नोंदी

अमेरिकेत एका विषयाच्या वर्षभराच्या कामाला १२० तास धरायची जुनी रीत आहे. कार्नेगी फाउंडेशनने ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिली. ३६ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज ४० मिनिटं, की १२० तास होतात. तुमच्या इथे हा नियम नसला तरी मापाला बरा आहे. सहा विषय घेतले तर रोजचे चार तास भरतात. त्यावर संगीत, खेळ आणि स्वतःचं वाचन आहे. आठ-नऊ विषयांचं वेळापत्रक कागदावर भरगच्च दिसतं आणि महिन्याभरात कोसळतं.

नववीपासून प्रत्येक विषयाचं एक पान ठेवा: कुठलं पुस्तक, कुठले धडे, किती तास, कुणी तपासलं, काय गुण दिले आणि कशावरून. वर्षातून तीनदा तारीख घातलेलं एखादं लेखन, एक चाचणी आणि प्रयोगवहीतलं एक पान जपून ठेवा. बारावीत प्रवेशाचे अर्ज भरताना चार वर्षांचं आठवून लिहिणं फार जड जातं.

किती दिवस थांबायचं, कधी सोडायचं

पूर्ण वर्षाचं साहित्य विकत घेण्याआधी नमुना धडे मुलाबरोबर करून पाहा, शक्यतो आठवडाभर. घेतल्यावर सहा आठवडे धीर धरा. पहिल्या आठवड्यांतली कुरकुर बहुतेक वेळा नवेपणाची असते. सहा आठवड्यांनी मुलाला विचारा, आणि त्याच्या वह्यांनाही विचारा. मूल कंटाळलंय पण वही सुधारतेय, तर चालू ठेवा, तास कमी करा. मूल खूश आहे पण वहीत काही जमा होत नाही, तर साहित्य सोपं आहे किंवा नुसतं मनोरंजन करतंय. रोज अश्रू आणि वहीत त्याच त्या चुका, तर पुस्तक बंद करा आणि एक पायरी मागे जा. उरलेली पानं वाया गेली असं वाटेल, पण ती पुढच्या मुलाला किंवा दुसऱ्या कुटुंबाला देता येतात. वर्षाच्या मध्यावर अभ्यासक्रम बदलला तर नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवा: काय सोडलं, कुठल्या धड्यावर सोडलं, का सोडलं.